बिअर, बोट आणि दवाखाना: मॉन्ट्रियलचा जॉन मोल्सन

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे भाग लिहून काढलाय. बोलताना येणारे ‘म्हणजे’, ‘तर’ आणि ‘अ‍ॅक्चुअली’ जमतील तितके गाळलेत. सगळे गाळले असते तर मीच बोललोय यावर कुणाचा विश्वास बसला नसता.

आज थेट लिलावातच जाऊया. तारीख ५ जानेवारी १७८५, गाव मॉन्ट्रियल, कॅनडा. बाहेर बर्फ. सेंट लॉरेन्स नदी गोठलेली. नदीकाठची एक छोटी बिअरची भट्टी सरकारी लिलावात निघाली आहे, आणि ही लिलावाची दुसरी खेप आहे. पहिला लिलाव आदल्या ऑक्टोबरात झाला तेव्हा कुणी फिरकलंच नव्हतं. या वेळी बोली लावणारा एकच माणूस हजर आहे. तो आठच दिवसांपूर्वी, २८ डिसेंबरला, एकवीस वर्षांचा झालाय. म्हणजे कायद्यानं सज्ञान होऊन जेमतेम आठवडा झालेला. भट्टीचा मालक थॉमस लॉइड हा त्याचाच भागीदार. आणि भट्टी लिलावात का निघाली? तर याच पोरानं येणं वसूल करायला लॉइडवर दावा लावला होता, आणि लॉइडनं कर्ज सरळ कबूल करून टाकलं होतं.

एकटाच बोली लावणारा. भट्टी अर्थातच त्याला मिळाली.

या पोराचं नाव जॉन मोल्सन. पुढं तो कॅनडातला पहिला वाफेच्या बोटीचा मालक झाला, हॉटेलवाला झाला, आमदार झाला, बँकेचा अध्यक्ष झाला, कॅनडाच्या पहिल्या रेल्वेत त्यानं पैसे घातले आणि मॉन्ट्रियलमध्ये एक मोठं रुग्णालय उभं राहावं म्हणून तो भांडला. त्याच्या चरित्रांत ‘दानशूर’ हा शब्द हमखास सापडतो. तो लिलाव पहिल्यांदा वाचल्यापासून मला या शब्दाबद्दल कुतूहल आहे. आजचा भाग त्याच कुतूहलापोटी.

तर सुरुवातीपासून. मोल्सनचा जन्म १७६३ सालचा, इंग्लंडमधल्या लिंकनशरचा. योगायोग बघा, त्याच वर्षी पॅरिसच्या तहानं फ्रान्सनं कॅनडा ब्रिटिशांच्या हवाली केला. घरची शेतीवाडी होती, ‘स्नेक हॉल’ नावाचं घर आणि जमीन होती. पण तो नऊ वर्षांचा व्हायच्या आत आई आणि वडील दोघंही गेले. आजोबा पालक झाले. वारसा भरपूर, पण सज्ञान होईपर्यंत त्याला हात लावता येत नाही, अशी अवस्था. १७८२ मध्ये अठराव्या वर्षी तो जहाजात बसून कॅनडाला निघाला. ते जहाज इतकं गळकं निघालं की भर अटलांटिकमध्ये दुसऱ्या जहाजावर जायची पाळी आली.

तो मॉन्ट्रियलला पोचला तेव्हा तिथं काय होतं? काही हजार वस्तीचं तटबंदीचं गाव. लोक बहुसंख्य फ्रेंच बोलणारे कॅथलिक. वर राज्य करणारे मूठभर इंग्रज, त्यात सैनिक आणि फरचे व्यापारी. फ्रेंच माणूस वाइन पिणार, नाहीतर ब्रँडी. इंग्रज सैनिकाला बिअर लागणार, आणि इंग्लंडहून पिंपं मागवायची तर भाडं अवाच्या सवा. शिवाय अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध संपल्यावर राजनिष्ठ लोक, ज्यांना तिकडे ‘लॉयलिस्ट’ म्हणत, ते हजारोंनी उत्तरेकडे कॅनडात येऊ लागले. म्हणजे पिणारे वाढले आणि बनवणारा जवळपास कुणी नाही. आमच्या कामाच्या भाषेत, युजर आहेत, प्रॉडक्ट नाही.

पण कच्चा मालही नव्हता, आणि मला जास्त रस आहे तो इथं. बिअरला लागतं बार्ली, म्हणजे आपलं जव. ते भिजवायचं, मोड आणायचे, ऐन वेळी भट्टीत वाळवून मोड थांबवायचे, भरडायचं, गरम पाण्यात त्यातली साखर उतरवायची, हॉप्स घालून उकळायचं, थंड करायचं आणि मग यीस्टच्या स्वाधीन करायचं. आता मॉन्ट्रियलच्या आसपासचे शेतकरी गहू लावणारे. जव लावा म्हटलं तर ते विचारणार, घेणार कोण? मोल्सन १७८५ मध्ये इंग्लंडला परत गेला, वारसा ताब्यात घेतला आणि १७८६ मध्ये परतला, तो भट्टीची सामग्री आणि जॉन रिचर्डसन नावाच्या माणसाचं बिअर बनवण्यावरचं पुस्तक घेऊन. त्या उन्हाळ्यात त्यानं पहिलं आठ बुशेल जव विकत घेतलं आणि ती खरेदी वहीत टिपून ठेवली. शेतकऱ्यांना बियाणं द्यायचं आणि पीक आपणच घ्यायचं, हे त्यानं सुरुवातीपासून केलं. कंत्राटी शेती म्हणा हवं तर.

रिचर्डसनच्या पुस्तकाबद्दल थोडं थांबतो, कारण आमच्यासारख्यांना ते भुरळ घालणारं आहे. तोवरचा बिअर बनवणारा हात बुडवून पाण्याचं तापमान ठरवायचा आणि जिभेनं गोडी. रिचर्डसन म्हणाला, मोजा. थर्मामीटरनं उष्णता मोजा, हायड्रोमीटरनं द्रवाची घनता मोजा. घनता म्हणजे त्यात उतरलेली साखर, म्हणजे पुढं होणारी दारू. एकदा मोजायला लागलं की याच मालातून किती बिअर निघायला हवी आणि किती निघाली, हा फरक वहीवर येतो. तिथून धंदा कारागिरीतून कारखानदारीकडे सरकतो. मोल्सनची भट्टी फक्त थंडीच्या हंगामात चालायची, कारण उन्हाळ्यात बिअर नासायची. आणि थंडीत नदीचा बर्फ फुकट! पहिल्या हंगामात साधारण ४,००० गॅलन बिअर निघाली. १७९१ पर्यंत आकडा ३०,००० गॅलनवर गेला होता. तिकडे इंग्लंडमधली वडिलोपार्जित जमीन त्यानं आधी गहाण टाकली, मग मोडली. शून्यातून उभा राहिलेला माणूस वगैरे जे म्हणतात ते इथं लागू नाही. अनाथ होता हे खरं, पण जमीनदार अनाथ होता. खरं धाडस हे की घरची जमीन विकून पैसा गोठलेल्या नदीकाठी ओतला.

आता सारा. सारा इन्स्ली वॉन वयानं त्याच्याहून मोठी, तीही इंग्लंडहून आलेली. दोघं एकत्र राहू लागली, संसार झाला, मुलं झाली. १७८७ मध्ये जॉन, १७९१ मध्ये थॉमस, १७९३ मध्ये विल्यम. लग्न मात्र नाही. लग्न झालं ७ एप्रिल १८०१ रोजी, थोरला मुलगा तेरा वर्षांचा असताना, आणि त्या वेळच्या करारात तिन्ही मुलांना औरस म्हणून मान्यता दिली गेली. साराचं आधी एक लग्न झालेलं होतं, त्यामुळे हे इतकं लांबलं असं म्हणतात. पुढच्या पिढ्यांनी घराण्याची जी चकचकीत गोष्ट सांगितली तिच्यात हा भाग बराच काळ दबक्या आवाजात होता. मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण मोल्सन पुढं जे करतो त्यात वारसा, नाव आणि कागदपत्रं यांचा ध्यास सगळीकडे दिसतो. ज्याची स्वतःची इस्टेट अल्पवयामुळे अडकून पडली होती आणि ज्याची मुलं तेरा वर्षं कायद्याच्या लेखी अनौरस होती, त्याला कागदाची किंमत कुणी शिकवायला नको.

आता बोट. १८०७ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट फुल्टननं न्यूयॉर्क ते ऑल्बनी वाफेची बोट चालवून दाखवली. दोनच वर्षांत मोल्सननं जॉन जॅक्सन आणि जॉन ब्रूस या दोघांना हाताशी धरून मॉन्ट्रियलमध्ये ‘अकॉमोडेशन’ नावाची बोट बांधली. इंजिनाचे ओतीव भाग त्र्वा-रिव्हिएरजवळच्या सेंट मॉरिसच्या लोखंडाच्या भट्ट्यांत झाले. १ नोव्हेंबर १८०९ ला ती क्वेबेकला निघाली. झोपायची सोय २० जणांची, प्रवासी १०. पोचायला ६६ तास लागले. त्यातले ३० तास बोट नुसती नांगर टाकून उभी होती, म्हणजे प्रत्यक्ष चालली ३६ तास. भाडं जाताना ८ डॉलर आणि येताना ९. येताना जास्त, कारण येताना प्रवाहाविरुद्ध यायचं. आणि खरी अडचण तिथंच होती. इंजिन होतं सहा अश्वशक्तीच्या आसपास. तुमच्या-माझ्या स्कूटरच्या इंजिनाची ताकद याहून जास्त असते! मॉन्ट्रियल बंदराच्या अलीकडे नदीला सेंट मेरीचा प्रवाह नावाची जबर ओढ आहे. तिथं वाफ कमी पडली की काठावरून बैल जुंपायचे. विज्ञानाचा चमत्कार पुढे पाण्यात, आणि त्याला दोरीनं ओढणारे बैल काठावर. हे चित्र माझ्या डोक्यातून जात नाही. आम्ही कित्येक डेमो असेच दिलेत.

बोट तोट्यात गेली आणि भागीदार बाजूला झाले. मोल्सननं काय केलं? एक, तो इंग्लंडला जाऊन बोल्टन आणि वॉटच्या कारखान्यात चांगलं इंजिन सांगून आला. दोन, त्यानं विधिमंडळाकडे अर्ज केला की या नदीवर वाफेच्या बोटी चालवायची मक्तेदारी मला द्या. युक्तिवाद असा की मी पदरमोड करून लोकांची सोय केली, तोटा सोसला, आता मला संरक्षण हवं. मक्तेदारी काही मिळाली नाही. पण नव्या इंजिनाची ‘स्विफ्टशुअर’ १८१२ मध्ये पाण्यात उतरली, आणि त्याच वर्षी अमेरिकेशी युद्ध सुरू झालं. सैन्याला माणसं आणि सामान नदीतून न्यायचं होतं, आणि नदीवर वाफेची बोट होती एकाच माणसाची. मक्तेदारी कागदावर मिळाली नाही ती अशी मिळाली.

लोकांची सोय आणि माझा फायदा, या दोन गोष्टी त्याच्या अर्जात वेगळ्या काढताच येत नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

युद्धानंतर १८१६ मध्ये त्यानं सेंट पॉल रस्त्यावर ‘मॅन्शन हाउस’ नावाचं हॉटेल सुरू केलं. सर जॉन जॉन्सन नावाच्या बड्या असामीचा वाडा घेऊन तो वाढवला होता. आता विचार करा, क्वेबेकहून येणारा पाहुणा मोल्सनच्या बोटीतून उतरणार, मोल्सनच्या धक्क्यावर पाय ठेवणार, मोल्सनच्या हॉटेलात मुक्काम करणार आणि मोल्सनचीच बिअर पिणार. हे हॉटेल १८२१ मध्ये जळालं. त्यानं पुन्हा बांधलं.

त्याच १८१६ मध्ये तो मॉन्ट्रियल ईस्टमधून निवडून आला. इथं राजकारणाची मांडणी थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढची गोळीबाराची गंमत कळणार नाही. (हो, गोळीबार आहे.) १७९१ च्या कायद्यानं या वसाहतीला, म्हणजे लोअर कॅनडाला, दोन सभागृहं मिळाली. खालचं असेंब्ली, लोकांनी निवडलेलं, त्यात फ्रेंच बोलणाऱ्यांचं बहुमत. वरचं लेजिस्लेटिव्ह कौन्सिल, राजाच्या वतीनं नेमलेलं, त्यात इंग्रज व्यापारी आणि अधिकारी यांचा वरचष्मा. पैशाच्या मंजुरीवरून दोघांत कायम कुस्ती. अधिवेशन भरायचं क्वेबेक शहरात आणि तेही बहुधा थंडीत, नदी गोठलेली असताना. म्हणजे मोल्सनसाहेबांना कामकाजाला जाताना स्वतःच्या बोटीचा उपयोग शून्य. बर्फावरून घोड्यांच्या घसरगाडीतच जायचं.

वर्ष १८१९. नेपोलियनची युद्धं संपून ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये बेकारी माजली होती. माणसं जहाजांच्या तळातून कोंबून कॅनडात येत होती. क्वेबेकला उतरायची आणि तिथून नदीतून वर मॉन्ट्रियलला. टायफससारखे आजार अंगावर, खिशात काही नाही. मॉन्ट्रियलमध्ये रुग्णालय होतं, ओतेल-द्यू, कॅथलिक जोगिणींनी चालवलेलं, सतराव्या शतकातलं. ते अपुरं पडू लागलं. तेव्हा पहिल्यांदा हात-पाय हलवले ते गावातल्या इंग्रजी बोलणाऱ्या बायकांनी. ‘फीमेल बेनेव्होलंट सोसायटी’ हे त्यांच्या संस्थेचं नाव. त्यांनी आजारी स्थलांतरितांसाठी चार खाटांचं छोटं घर चालवलं. मग १८१९ च्या मे महिन्यात क्रेग रस्त्यावर २४ खाटांची जागा सुरू झाली. आज ‘मॉन्ट्रियल जनरल हॉस्पिटलचे संस्थापक’ म्हटलं की मोठमोठ्या व्यापाऱ्यांची नावं येतात. चार खाटांचं घर चालवणाऱ्या बायका पायाच्या दगडासारख्या, खाली आणि न दिसणाऱ्या. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातलं निखळ दान तेच.

मोल्सननं असेंब्लीत मागणी मांडली की मॉन्ट्रियलमध्ये नवं सार्वजनिक रुग्णालय हवं आणि त्याला सरकारी पैसा हवा. विरोधाला उभा राहिला मायकेल ओ’सलिव्हन. हा आयरिश कॅथलिक, वकील, फ्रेंच बहुमताच्या बाजूचा, आणि १८१३ च्या शातोगेच्या लढाईत नाव काढलेला. नवं कशाला, आहे तेच ओतेल-द्यू वाढवा, असा त्याचा सूर. वरवर पाहिलं तर हा खाटांचा वाद. आत पाहिलं तर प्रश्न असा की सार्वजनिक पैसा कुणाच्या संस्थेत जाणार, जोगिणींच्या की इंग्रज डॉक्टरांच्या? मरणाऱ्या माणसाच्या उशाशी कुठल्या पंथाचा धर्मगुरू बसणार? आणि मला वाटतं, ओ’सलिव्हनला निव्वळ आडमुठा ठरवून मोकळं होणं सोपं आहे, पण अन्यायाचं आहे. जिंकलेल्या लोकांच्या पैशातून जिंकणाऱ्यांची संस्था उभी राहतेय, अशी शंका त्याच्या मतदारांना आली तर नवल काय?

मागणी बारगळली. मग एका इंग्रजी वर्तमानपत्रात निनावी पत्र आलं, त्यात ओ’सलिव्हनच्या धैर्यावरच शिंतोडे. त्यानं लेखकाचं नाव मागितलं. लेखक निघाले डॉक्टर विल्यम कॉल्डवेल, नव्या रुग्णालयाच्या बाजूचे. झालं! एप्रिल १८१९ मध्ये विंडमिल पॉइंटला दोघं पिस्तुलं घेऊन समोरासमोर उभे राहिले. एका फैरीवर भागलं नाही, फैरीमागून फैरी झडल्या. कॉल्डवेलच्या हाताचा चुराडा झाला. ओ’सलिव्हनला दोन गोळ्या लागल्या, त्यातली एक कण्याजवळ जाऊन बसली. तो वाचला, पण पुरता बरा कधीच झाला नाही. पुढं तो मॉन्ट्रियलचा मुख्य न्यायाधीश झाला आणि १८३९ मध्ये वारला. शवविच्छेदनात ती गोळी सापडली. वीस वर्षं तो ती अंगात घेऊन फिरत होता.

दवाखाना हवा की नको यावर दोन माणसांनी एकमेकांना दवाखान्यात जायची वेळ आणली. आणि गोळी झाडणाऱ्यांपैकी एक डॉक्टर!

सरकारी पैसा नाही म्हटल्यावर वर्गणीवर आलं. व्यापाऱ्यांनी जमीन घेतली, मोल्सन बापलेकांनी पैसे दिले, बाकीच्यांनी दिले. ६ जून १८२१ ला कोनशिला बसली आणि १ मे १८२२ ला डॉर्चेस्टर रस्त्यावरची इमारत सुरू झाली, ७२ खाटांची. तिथल्या डॉक्टरांनी, त्यात हात गमावता गमावता वाचलेले कॉल्डवेलही आले, १८२३ मध्ये वैद्यकीय शाळा काढली. १८२९ मध्ये तीच मॅकगिल विद्यापीठाची पहिली विद्याशाखा झाली. जेम्स मॅकगिल हा फरचा व्यापारी १८१३ मध्ये वारला तेव्हा विद्यापीठासाठी पैसा आणि जागा ठेवून गेला होता, पण शिकवणारं कुणी नव्हतं. शिकवणारे आले ते या रुग्णालयातून.

आमच्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायला लावले. माझ्या एका जुन्या कंपनीत त्यासाठी वर्षातून एकदा टी-शर्ट मिळायचा, झाड लावताना फोटो निघायचा, आणि दुपारी पुन्हा स्टँडअप मीटिंग. झाडाचं पुढं काय झालं हे विचारायची पद्धत नव्हती. मोल्सनचं उलटं आहे. त्याच्यावर कायद्याची सक्ती नव्हती, फोटोही नव्हता. पण त्याच्या दानाचा त्याच्या धंद्याशी संबंध इतका जवळचा होता की आजचा कुठलाही ऑडिटर भुवया उंचावेल.

कसा ते पाहा. आजारी स्थलांतरित क्वेबेकहून मॉन्ट्रियलला कसे यायचे? वाफेच्या बोटींनी. नदीवरच्या बोटींत सर्वांत मोठा वाटा कुणाचा? १८२२ मध्ये प्रतिस्पर्ध्यांशी जुळवून घेऊन स्थापन झालेल्या ‘सेंट लॉरेन्स स्टीमबोट कंपनी’चा, जिच्यात मोल्सन घराण्याचा हिस्सा सगळ्यांत जास्त. स्थलांतरितांचं भाडं हे या बोटींचं मोठं उत्पन्न. डेकवर माणसं उभी, जितकी मावतील तितकी. म्हणजे ज्या गर्दीनं गावातलं जुनं रुग्णालय अपुरं पडलं, ती गर्दी वाहून आणण्यातच त्याची कमाई होती.

१८३२ मध्ये याचा शेवटचा हिशेब झाला. त्या वर्षी ५१,००० हून जास्त स्थलांतरित क्वेबेकला उतरले आणि त्यांच्यासोबत कॉलरा उतरला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ‘व्हॉयेजर’ नावाची वाफेची बोट गर्दीनं भरून मॉन्ट्रियलला लागली आणि गावात साथ पसरली. लोकसंख्या २७-२८ हजार, त्यातली सुमारे दोन हजार माणसं त्या उन्हाळ्यात गेली. पूर्वी शिडाच्या होडीनं वर यायला कित्येक दिवस लागायचे, वाटेतच आजार कळायचा. वाफेनं ते अंतर दीड-दोन दिवसांवर आणलं. माणसं जितक्या वेगानं पोचली, तितक्याच वेगानं रोगही. फ्रेंच पुढारी उघड म्हणू लागले की ब्रिटिश सरकार आणि जहाजवाले आमच्याकडे मरण पाठवताहेत. आणि त्या मरणाऱ्यांना घेऊन जायचं कुठं? जिथं जिथं खाट होती तिथं. मॉन्ट्रियल जनरलमध्येही.

मी यावर बराच विचार केला. आमच्या कामात एक साधा प्रश्न असतो, जी सिस्टीम तू बांधली तिचा भार शेवटी कुणावर पडतो? मोल्सनच्या बाबतीत उत्तर विचित्र आहे. भार गावावर पडला, आणि त्याचा थोडा वाटा त्यानं स्वतःच्या खिशातून उचलला. तळं राखील तो पाणी चाखील असं आपण म्हणतो. यानं तळं खोदलंही, चाखलंही, आणि कुणी बुडालं तर काढायला दोरही ठेवला. तो ढोंगी होता असं मला वाटत नाही. ढोंग्याला दोन हिशेब ठेवावे लागतात. याची वही एकच होती, आणि रुग्णालय, बोट, बँक, हॉटेल सगळं त्याच वहीत. म्हणूनच मला तो ‘दानशूर’ म्हटल्यावर जरा अडखळायला होतं आणि ‘धंदेवाईक’ म्हटल्यावरही. पण त्या ७२ खाटा खऱ्या होत्या, आणि त्यांवर बरं होऊन चालत गेलेल्या माणसाला दात्याच्या मनात काय होतं याचं सोयरसुतक नव्हतं.

त्याच १८३२ मध्ये मोल्सनची नेमणूक वरच्या सभागृहात, लेजिस्लेटिव्ह कौन्सिलमध्ये झाली. एकेकाळी मतं मागून आलेला माणूस आता गव्हर्नरच्या मर्जीनं बसला, आणि तेही अशा सभागृहात जे निवडून आलेलं असावं म्हणून पापिनोचा पक्ष रान उठवत होता. १८२६ ते १८३० तो बँक ऑफ मॉन्ट्रियलचा अध्यक्षही होता. सारा १८२९ मध्ये गेली.

शेवटची गुंतवणूक रेल्वेची. ला प्रेरी ते सेंट जॉन ही कॅनडातली पहिली सार्वजनिक रेल्वे, आणि तिच्यात सर्वांत मोठा भागधारक जॉन मोल्सन. ती २१ जुलै १८३६ ला धावली. तो ११ जानेवारी १८३६ ला वारला, म्हणजे गाडी बघायला सहा महिने कमी पडले. मृत्युपत्र त्यानं आदल्याच दिवशी केलं होतं. बिअरची भट्टी त्यानं तीन मुलांपैकी कुणालाच दिली नाही. ती ठेवली थॉमसच्या मुलाच्या, जॉन हेन्री रॉबिन्सन मोल्सनच्या नावे, जो तेव्हा नऊ वर्षांचा होता. कारण पुन्हा कागदच. थॉमसचं लग्न इंग्लंडमध्ये करार न करता झालेलं, आणि क्वेबेकच्या जुन्या फ्रेंच कायद्याप्रमाणे करार नसेल तर मिळकतीत बायकोच्या बाजूचा हिस्सा धरला जायचा. म्हाताऱ्याला भट्टी घराण्याबाहेर जाण्याची भीती. लहानपणी त्याची स्वतःची मालमत्ता पालकांच्या ताब्यात होती, तशीच त्यानं नातवाची ठेवली. तिन्ही भाऊ त्या मृत्युपत्रावरून पुढं वर्षानुवर्षं भांडले.

भट्टी मात्र चालली. कंपनी आजही आहे. २००५ मध्ये अमेरिकेच्या कूर्सबरोबर एक होऊन ती मोल्सन कूर्स झाली. आइस हॉकी बघणाऱ्या आपल्या टोरोंटो-मॉन्ट्रियलच्या श्रोत्यांना हे नाव सांगायला नको, मॉन्ट्रियल कॅनेडियन्स संघ याच घराण्याकडे आहे. भारताशीही तिचा एक धागा जुळला होता. बिहारमध्ये पाटण्याजवळ बिहटा इथं या कंपनीचा बिअरचा कारखाना होता. एप्रिल २०१६ मध्ये बिहार सरकारनं दारूबंदी केली आणि कंपनीला त्या गुंतवणुकीतली मोठी रक्कम वहीतून खोडावी लागली.

आजचा भाग इथंच थांबवतो. ओ’सलिव्हनच्या पाठीतल्या गोळीबद्दल, किंवा आणखी कुठल्या बिअरवाल्या आमदाराबद्दल काही सांगायचं असेल तर जरूर लिहा. पुढच्या भागात नदी सोडून समुद्रावर जाऊ, विषय आहे तारायंत्राची समुद्राखालची केबल. भेटूया.